लाँगमूरची लष्करी रेल्वे : विखुरलेली इंजिने आणि स्थळाची स्मृती

सारांश

इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यात लाँगमूर येथे ब्रिटिश लष्कराने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभारलेली रेल्वे ३१ ऑक्टोबर १९६९ रोजी बंद झाली. मालाची वा प्रवाशांची वाहतूक हा तिचा मुख्य हेतू नव्हता. सैनिकांना रेल्वे बांधण्याचे, चालविण्याचे आणि मोडलेली रेल्वे पुन्हा उभी करण्याचे शिक्षण देण्यासाठी ती होती. ती बंद झाल्यानंतर तिची काही इंजिने निरनिराळ्या संग्रहालयांत आणि जतन केलेल्या रेल्वेमार्गांवर पोहोचली. मूळ स्थळावरील रूळ मात्र उखडले गेले. जुन्या यंत्रसामग्रीचे जतन झाले म्हणजे इतिहासाचे जतन झाले असे मानता येते काय, हा प्रश्न लाँगमूरच्या उदाहरणातून प्रस्तुत लेखात तपासला आहे.

बीजसंज्ञा : लष्करी रेल्वे, वाफेचे इंजिन, औद्योगिक वारसा, स्थळस्मृती, चित्रपट – एक ऐतिहासिक साधन.

प्रस्तावना

युद्धाचा इतिहास लिहिताना सेनापती, लढाया आणि शस्त्रे यांना अग्रस्थान मिळते. सैन्याला धान्य, दारूगोळा आणि औषधे पोहोचविणारी व्यवस्था बहुधा तळटीपेत जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरपर्यंत या व्यवस्थेचा कणा रेल्वे हा होता. असे असूनही रेल्वे चालविणाऱ्या सैनिकाची प्रतिमा लोकस्मृतीत क्वचितच आढळते. त्याची वास्तू बहुधा तात्पुरती असे, त्याने बांधलेला मार्ग युद्ध संपताच उखडला जाई आणि त्याचे इंजिन भंगारात विकले जाई.

या पार्श्वभूमीवर लाँगमूर हे एक अपवादात्मक स्थळ ठरते. लंडनच्या नैर्ऋत्येस, वूल्मरच्या माळरानावर, लिस आणि बोर्डन या दोन गावांच्या दरम्यान सुमारे साठ वर्षे एक संपूर्ण रेल्वे लष्कराने स्वतःच्या शिक्षणासाठी चालविली. तिला स्थानके होती, सिग्नल होते, इंजिनांचे आगार होते, कारखाना होता आणि वेळापत्रकही होते. आज त्या माळावर रेल्वे नाही. तिची इंजिने इंग्लंडच्या वेगवेगळ्या भागांत, आणि तिचे नाव धारण करणारे एक इंजिन तर नेदरलँड्समध्ये उभे आहे. स्थळ एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे, अशी ही अवस्था कशी निर्माण झाली आणि तिचा इतिहासलेखनाच्या दृष्टीने अर्थ काय, याचा विचार पुढे केला आहे.

१. बोअर युद्धाचा धडा आणि लाँगमूरचा प्रारंभ

ब्रिटिश लष्करात रेल्वेचे काम रॉयल इंजिनिअर्स या अभियंता दलाकडे होते. इजिप्तच्या मोहिमेच्या निमित्ताने १८८२ मध्ये या दलाच्या आठव्या कंपनीला रेल्वे कंपनीचे रूप देण्यात आले आणि पुढे दहावी कंपनीही तिच्या जोडीला आली. तथापि, रेल्वेचे महत्त्व खऱ्या अर्थाने पटले ते दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात (१८९९–१९०२). हजारो मैलांच्या प्रदेशात ब्रिटिश सैन्य एकेरी रुळांवर अवलंबून होते आणि बोअर तुकड्या माघार घेताना पूल उडवून देत होत्या. पर्सी जिरूआर या कॅनडात जन्मलेल्या अभियंता अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली हे पूल आणि मार्ग पुन्हा पुन्हा उभारले गेले. युद्धकाळात रेल्वे चालविणे हे एक स्वतंत्र शास्त्र आहे, ते आधी शिकावे लागते आणि रेल्वेच्या कारभारात प्रत्येक सेनाधिकाऱ्याने परस्पर हुकूम सोडले तर गाड्या अडकून पडतात, हा त्या युद्धाचा महत्त्वाचा धडा होता.

युद्धानंतर हॅम्पशायरमध्ये लाँगमूर आणि बोर्डन येथे नव्या छावण्या उभारण्यात आल्या. लाँगमूरची जमीन दलदलीची निघाली. त्यामुळे तेथील बराकींपैकी ६८ बराकी बोर्डनला हलविण्याचा निर्णय झाला. त्या मोडून पुन्हा बांधण्याऐवजी अखंड स्वरूपातच नेण्याची योजना १९०५ नंतर अमलात आली. त्यासाठी केवळ १८ इंच रुंदीचे दोन अरुंद रूळमार्ग एकमेकांना समांतर टाकण्यात आले. प्रत्येक बराक दोन्ही मार्गांवरील गाड्यांवर टेकवून दोरखंड आणि वाफेच्या रहाटाच्या साहाय्याने माळावरून ओढत नेण्यात आली. चॅटमहून आलेल्या रेल्वे कंपन्यांच्या सैनिकांचे या जागेवरील हे आरंभीचे मोठे काम होते.

हे काम ज्या वाटेने झाले, त्याच दिशेने पुढे नेहमीच्या रुंदीचा लोहमार्ग घालण्यात आला. ‘वूल्मर इन्स्ट्रक्शनल मिलिटरी रेल्वे’ हे तिचे आरंभीचे नाव होते. या नावातच तिचे प्रयोजन स्पष्ट होते. ‘लाँगमूर मिलिटरी रेल्वे’ हे नाव १९३५ मध्ये आले. बोर्डनच्या टोकाला ती बेंटलीहून डिसेंबर १९०५ मध्ये सुरू झालेल्या नागरी शाखामार्गाला मिळत होती. दुसऱ्या टोकाला ती १९३३ पर्यंत लिसपर्यंत वाढविण्यात आली आणि लंडन–पोर्ट्समथ या मुख्य मार्गाच्या शेजारी पोहोचली.

२. शिकण्यासाठी चालविलेली रेल्वे

कोणत्याही नागरी रेल्वेचे यश तिने किती माल व किती प्रवासी वाहून नेले यावरून मोजले जाते. लाँगमूरला हे माप लागू पडत नाही. तिचे उत्पादन म्हणजे प्रशिक्षित माणूस. रूळ टाकणारा, सांधे बदलणारा, सिग्नल सांभाळणारा, इंजिनात कोळसा टाकणारा, इंजिन हाकणारा, गाडीचा गार्ड, स्थानकाचा अधिकारी आणि बॉयलर दुरुस्त करणारा कारागीर असे सर्व प्रकारचे कामगार तेथे घडविले जात.

या प्रयोजनामुळे तेथील सामग्रीला एक वेगळे रूप आले होते. नागरी रेल्वे कंपनी शक्यतो एकसारखी इंजिने आणि डबे वापरते, कारण त्यामुळे देखभालीचा खर्च कमी होतो. लाँगमूरमध्ये याउलट विविधता हीच गरज होती. युद्धात कोणत्या देशातील कोणत्या कंपनीचे इंजिन हाती येईल हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे निरनिराळ्या कंपन्यांकडून आलेले जुने डबे, लहानमोठी इंजिने, अपघातस्थळी वापरायच्या वाफेच्या याऱ्या आणि वेगवेगळ्या पद्धतींची सिग्नल यंत्रे एकाच ठिकाणी नांदत होती. बाहेरच्या पाहुण्याला हा जुन्या सामानाचा बाजार वाटला असता. प्रशिक्षणाच्या दृष्टीने तो पाठ्यपुस्तकांचा संच होता.

मोडणे आणि जोडणे ही तेथील नित्याची क्रिया होती. रूळ टाकायचे, ते उखडायचे आणि पुन्हा टाकायचे. इंजिन मुद्दाम रुळांवरून घसरवायचे आणि मग यारी, ठोकळे व जॅक यांच्या साहाय्याने ते पूर्ववत उभे करायचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॉलीवॉटरच्या बाजूने वळसा घालणारा मार्ग पूर्ण झाल्यावर गाडीला वर्तुळाकार फिरत राहणे शक्य झाले. त्या गाडीला कोठेही पोहोचायचे नव्हते. शिकाऊ चालकाला चढ, उतार, वळणे आणि सिग्नल यांचा सलग सराव मिळावा, एवढेच तिचे काम होते.

पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये ‘रेल्वे ऑपरेटिंग डिव्हिजन’ स्थापन झाले आणि नागरी रेल्वेतील अनुभवी कामगार लष्करी गणवेशात फ्रान्समध्ये गेले. अशा रेल्वे सैनिकांना लष्करी शिस्त आणि युद्धकालीन पद्धती यांची ओळख करून देण्याचे मोठे केंद्र लाँगमूर हेच होते. साम्राज्याच्या इतर भागांतही या प्रकारच्या तुकड्या होत्या. भारतीय सॅपर्स अँड मायनर्सच्या २५व्या व २६व्या रेल्वे कंपन्यांनी त्याच युद्धात पूर्व आफ्रिकेत व्होई येथून पश्चिमेकडे लष्करी मार्ग बांधला. रेल्वे सैनिक ही त्या काळातील युद्धपद्धतीची व्यापक गरज होती आणि लाँगमूर ही तिची ब्रिटनमधील शाळा होती, असे यावरून म्हणता येते.

शाळेची किंमतही काही जणांना मोजावी लागली. १९५६ मध्ये या मार्गावर दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर होऊन सैनिक मृत्युमुखी पडले. शांततेच्या काळातील सरावात गेलेल्या या जीवांची नोंद युद्धस्मारकांच्या परंपरेत सहज सामावत नाही. ज्या रेल्वेच्या इंजिनांची छायाचित्रे विपुल आहेत, तिच्या सैनिकांच्या वाट्याला तेवढी प्रसिद्धी आली नाही, ही बाब पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

३. इंजिने, त्यांची रचना आणि त्यांची नावे

लाँगमूरशी जोडल्या गेलेल्या इंजिनांपैकी काहींची ओळख करून घेणे आवश्यक आहे, कारण स्मृतीचा पुढचा प्रवास त्यांच्याबरोबरच घडला.

‘वूल्मर’ हे सहा चाकांचे छोटे टाकी-इंजिन ब्रिस्टलच्या एव्हनसाइड कारखान्यात १९१० मध्ये तयार झाले. रेल्वेच्या पहिल्या नावाची आठवण त्याच्या नावात आहे. ‘गॅझेल’ हे त्याहूनही चिमुकले इंजिन १८९३ मध्ये किंग्ज लिन येथे एका धान्य व्यापाऱ्यासाठी बनले होते. ते श्रॉपशायरमधील एका लहान रेल्वेवर गेले, ती रेल्वे दुसऱ्या महायुद्धात लष्कराने ताब्यात घेतली आणि पुढे हे इंजिन लाँगमूरला शोभेची वस्तू म्हणून आले. म्हणजे लाँगमूर चालू असतानाच तेथे जुन्या यंत्रांविषयी जिव्हाळा निर्माण झाला होता.

याच्या अगदी उलट प्रकृतीची इंजिने म्हणजे युद्धकालीन काटकसरीची इंजिने. आर. ए. रिडल्स यांच्या मार्गदर्शनाखाली दुसऱ्या महायुद्धात दोन प्रकारची मालवाहू इंजिने मोठ्या संख्येने बांधण्यात आली. आठ चालक चाकांच्या प्रकाराची ९३५ आणि दहा चालक चाकांच्या प्रकाराची १५० इंजिने तयार झाली. कमी पोलाद, कमी कुशल श्रम आणि कमी वेळ ही त्यांची सूत्रे होती. दहा चालक चाकांवर वजन विभागले गेल्याने ही इंजिने घाईने टाकलेल्या कमकुवत रुळांवरही चालू शकत. ती दीर्घायुषी व्हावीत अशी त्यांच्या निर्मात्यांची अपेक्षा नव्हती. युद्ध जिंकेपर्यंत ती टिकली तरी पुरे होते. त्यांपैकी १९४३ मध्ये ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यात बनलेले एक इंजिन लाँगमूरचे सर्वांत प्रसिद्ध इंजिन ठरले. निळ्या रंगातील त्या इंजिनाचे नाव ‘गॉर्डन’.

हे नाव जनरल चार्ल्स गॉर्डन यांचे. ते रॉयल इंजिनिअर्सचे अधिकारी होते आणि २६ जानेवारी १८८५ रोजी खार्टूम येथे मारले गेले. भारतीय वाचकाला त्यांचा एक अल्पज्ञात संबंध सांगण्यासारखा आहे. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांचे खाजगी चिटणीस म्हणून ते मुंबईत उतरले आणि काही दिवसांतच त्यांनी त्या पदाचा राजीनामा दिला. लाँगमूरच्या दुसऱ्या मोठ्या इंजिनाचे नाव ‘किचनेर’ होते. लॉर्ड किचनेर हेही मूळचे रॉयल इंजिनिअर्सचेच. १८९७ मध्ये सुरू झालेल्या वाळवंटी रेल्वेच्या बळावर त्यांनी १८९८ मध्ये सुदानची मोहीम पूर्ण केली आणि ती रेल्वे बांधणारे अधिकारी जिरूआर हेच होते. पुढे १९०२ ते १९०९ या काळात किचनेर हिंदुस्थानचे सरसेनापती होते.

इंजिनांना दिलेली ही नावे केवळ सजावट नव्हती. रोज इंजिन पुसणाऱ्या, त्यात कोळसा भरणाऱ्या शिकाऊ सैनिकाला दलाची वंशावळ त्यातून शिकविली जात होती. आज इंजिन पाहणाऱ्या प्रेक्षकाला त्याचा रंग आणि आकार भावतो, परंतु नावामागील साम्राज्याचा इतिहास बहुधा निसटतो. ‘गॉर्डन’ जतन झाले, ‘किचनेर’ भंगारात गेले. या निवडीमागे ऐतिहासिक मूल्यमापन होते असे दिसत नाही. एकाच प्रकारच्या दोन इंजिनांपैकी एक उरले आणि एक गेले, एवढेच.

४. पडद्यावरील लाँगमूर : चित्रपटाचे साक्ष्य

लाँगमूरची यंत्रसामग्री प्रत्यक्ष हालचाल करताना आज पाहावयाची असेल तर ज्या साधनांकडे वळावे लागते, त्यांत चित्रपट हे प्रमुख आहे. नागरी प्रवाशांची वर्दळ नसलेली आणि अपघातांचा सराव असलेली ही रेल्वे चित्रपट निर्मात्यांना सोयीची होती. मात्र पडद्यावर ती बहुधा स्वतःच्या नावाने येत नाही.

याचे भारताशी जोडलेले उदाहरण म्हणजे ‘भोवानी जंक्शन’ (१९५६). जॉन मास्टर्स यांच्या १९५४ च्या कादंबरीवरील हा चित्रपट जॉर्ज क्युकर यांनी दिग्दर्शित केला. ब्रिटिश सत्तेच्या अखेरच्या दिवसांत अडकलेली अँग्लो-इंडियन नायिका, तिचे रेल्वेतील कुटुंब आणि घातपातामुळे घसरलेली गाडी हा त्याचा विषय आहे. कादंबरीतील गाव काल्पनिक असले तरी ते झाशीच्या परिसरावर बेतलेले मानले जाते. झाशी हे मुंबईत मुख्यालय असलेल्या जी. आय. पी. रेल्वेचे मोठे केंद्र होते, तसेच मराठेशाहीच्या इतिहासातही त्याचे स्थान सुपरिचित आहे. भारतात चित्रीकरणाच्या अटींचा मेळ न बसल्याने निर्मात्यांनी लाहोर निवडले. गाडी घसरण्याची दृश्ये मात्र लाँगमूरच्या मार्गावर चित्रित झाली.

परिणामी, एका काल्पनिक भारतीय गावाचे स्थानक पाकिस्तानात आणि त्याच गावाजवळचा रेल्वे अपघात इंग्लंडमध्ये, अशी या चित्रपटाची भौगोलिक रचना झाली आहे. अभ्यासकाला हा फरक रुळांवरूनही ओळखता येतो. भारत-पाकिस्तानातील ब्रॉडगेज मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर ५ फूट ६ इंच असते. लाँगमूरचा मार्ग इंग्लंडच्या प्रथेप्रमाणे ४ फूट ८½ इंचांचा होता. कथेच्या दृष्टीने रूळ एकच आहेत, वस्तुतः ते दोन भिन्न प्रणालींचे आहेत. भारतीय रेल्वेच्या इतिहासाचे साधन म्हणून अपघाताचे ते दृश्य निरुपयोगी ठरते. लाँगमूरच्या इतिहासाचे साधन म्हणून मात्र ते मोलाचे आहे. गाडी मुद्दाम घसरविणे हे तेथील प्रशिक्षणाचेच अंग होते, आणि ते कौशल्य येथे रंगीत चित्रफितीवर नोंदले गेले आहे.

दुसरे उदाहरण ‘द ग्रेट सेंट ट्रिनियन्स ट्रेन रॉबरी’ (१९६६) या विनोदी चित्रपटाचे. ८ ऑगस्ट १९६३ रोजी झालेल्या टपालगाडीच्या लुटीवर हसत हसत बेतलेल्या या चित्रपटातील गाड्यांचा पाठलाग लाँगमूरवर चित्रित झाला. वळणारे मार्ग, जोडमार्ग, सांधे आणि टाकी-इंजिने यांचे इतके विस्तृत दर्शन घडविणारा हा विनोदपट नकळत एक दस्तऐवज बनला आहे. चित्रपटाचे कथानक आणि त्याच्या पार्श्वभूमीवरील वस्तू यांना स्वतंत्रपणे वाचण्याची शिस्त इतिहासकाराने अंगी बाणविली, तर अशा अनपेक्षित ठिकाणी साधने सापडतात.

५. अखेरचा काळ

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करी वाहतुकीचे स्वरूप झपाट्याने बदलले. मोटार वाहतूक आणि हवाई वाहतूक यांनी रेल्वेचे महत्त्व घटविले. सक्तीच्या लष्करी सेवेतील अखेरचे सैनिक १९६३ मध्ये मुक्त झाले आणि शिकाऊ मनुष्यबळाचा ओघ आटला. जुलै १९६५ मध्ये वाहतुकीचे काम रॉयल इंजिनिअर्सकडून नव्या रॉयल कोअर ऑफ ट्रान्सपोर्टकडे गेले. जानेवारी १९६८ मध्ये ब्रिटिश सरकारने सुएझच्या पूर्वेकडील आपले लष्करी अस्तित्व आवरते घेण्याचे वेळापत्रक जाहीर केले. दूरच्या प्रदेशात अचानक रेल्वे चालविण्याची वेळ येईल, या गृहीतकावर लाँगमूर उभे होते. ते गृहीतकच ढासळले.

योगायोग असा की, याच सुमारास इंग्लंडमध्ये जुन्या इंजिनांविषयीची आस्था शिगेला पोहोचली होती. ब्रिटिश रेल्वेने ऑगस्ट १९६८ मध्ये मुख्य मार्गांवरील वाफेची वाहतूक संपविली. लाँगमूरमध्ये मात्र वाफ चालू होती. लष्कराने खाजगी संस्थांच्या आणि व्यक्तींच्या इंजिनांनाही तेथे आश्रय दिला. ‘क्लॅन लाइन’ आणि ‘ब्लॅकमोअर व्हेल’ ही दक्षिण इंग्लंडमधील जलदगती इंजिने तेथे ठेवण्यात आली होती. वन्यजीवनाची चित्रे रंगविणारे चित्रकार डेव्हिड शेपर्ड यांनी विकत घेतलेली ‘ब्लॅक प्रिन्स’ आणि ‘ग्रीन नाइट’ ही इंजिनेही तेथेच होती. लष्करी शाळेचे आवार अशा रीतीने काही काळ एका अनौपचारिक संग्रहालयात रूपांतरित झाले.

रेल्वे बंद झाल्यावर लिसच्या बाजूचा काही भाग जतन करून तेथे वारसा-रेल्वे चालविण्याची योजना पुढे आली. लिस येथील काही रहिवाशांनी तिला विरोध केला. गर्दी, धूर आणि आवाज यांची त्यांना धास्ती होती. त्या टोकाची जमीन स्थानिकांनी विकत घेतल्यावर योजना बारगळली. या विरोधाकडे केवळ अरसिकपणा म्हणून पाहणे योग्य होणार नाही. साठ वर्षे ज्यांनी लष्करी गाड्यांचा शेजार सोसला, त्यांना शांतता हवी होती, ही बाजूही समजून घ्यावी लागते. वारसा कोणाचा, आणि त्याचा भार कोणी वाहावयाचा, हा प्रश्न येथे उघडपणे उपस्थित झाला आणि त्याचे उत्तर वारशाच्या विरोधात गेले.

६. वस्तू विखुरल्या, स्थळ उरले

त्यानंतर सामग्रीची पांगापांग झाली. ‘गॉर्डन’ सेव्हर्न व्हॅली रेल्वेवर गेले आणि आज ते हायली येथील संग्रहालयात आहे. ‘वूल्मर’ अनेक मुक्काम करीत बेझिंगस्टोक येथील माइलस्टोन्स संग्रहालयात पोहोचले. म्हणजे निदान ते हॅम्पशायरमध्येच राहिले. ‘गॅझेल’ केंट परगण्यातील टेंटरडन येथील कर्नल स्टीफन्स संग्रहालयात आहे. ‘ब्रसेल्स’ हे टाकी-इंजिन यॉर्कशायरमधील किथली अँड वर्थ व्हॅली रेल्वेवर गेले. ‘ब्लॅकमोअर व्हेल’ १९७१ मध्ये ससेक्समधील ब्लूबेल रेल्वेवर आले, तर शेपर्ड यांची इंजिने पुढे सॉमरसेटमध्ये स्थिरावली.

सर्वांत बोलके उदाहरण नेदरलँड्समधील आहे. उट्रेख्त येथील रेल्वे संग्रहालयात दहा चालक चाकांचे एक ब्रिटिश युद्धकालीन इंजिन उभे आहे. नॉर्मंडीतील चढाईनंतर युरोपच्या मुख्य भूमीवर उतरविलेले एक हजारावे ब्रिटिश बनावटीचे मालवाहू इंजिन म्हणून त्याला विशेष मान मिळाला आणि त्याचे नाव ठेवण्यात आले ‘लाँगमूर’. ज्या शाळेने रेल्वे सैनिक घडविले, तिच्या गौरवार्थ दिलेले ते नाव आज दुसऱ्या देशात, धातूच्या पाटीवर जतन झालेले आहे. खुद्द लाँगमूरमध्ये मात्र रूळ नाहीत.

स्थळाचे काय झाले? लाँगमूरचा परिसर आजही लष्कराच्या सरावासाठी वापरला जातो. वूल्मरचे माळरान दुर्मीळ सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांसाठी संरक्षित आहे. लिसजवळील जुन्या मार्गावरून आता नदीकाठची पायवाट जाते. बोर्डनला जोडणारा नागरी शाखामार्ग प्रवाशांसाठी १९५७ मध्ये आणि मालासाठी १९६६ मध्ये बंद झाला होता. बोर्डनची छावणीही २०१५ मध्ये लष्कराने सोडली आणि तेथे नागरी वस्ती उभी राहू लागली. रुळांसाठी केलेले मातीचे भराव आणि खोदकाम जमिनीच्या आकारात काही ठिकाणी ओळखू येते. माहीत असलेल्याला ते दिसते, इतरांना ती साधी टेकाडे वाटतात.

७. चर्चा : काय जतन झाले?

लाँगमूरच्या वारशाचे तीन घटक करता येतात. पहिला घटक वस्तू, म्हणजे इंजिने, डबे, याऱ्या आणि सिग्नल. दुसरा घटक स्थळ, म्हणजे मार्ग, स्थानके आणि कारखाना. तिसरा घटक कौशल्य, म्हणजे रेल्वे उभारण्याचे, चालविण्याचे आणि मोडलेली रेल्वे अल्पावधीत सुरू करण्याचे ज्ञान.

या तिन्हींपैकी वस्तूला सर्वाधिक आयुष्य लाभले. याची कारणे सरळ आहेत. इंजिन हलविता येते, विकता येते, रंगविता येते आणि त्याच्याभोवती हौशी माणसांची संघटना उभी राहू शकते. स्थळ हलविता येत नाही. त्यावर मालकी, शेजार आणि भविष्यातील उपयोग यांचे दावे असतात. कौशल्य तर दिसतच नाही. ते माणसांच्या हातांत असते आणि त्यांच्याबरोबर संपते.

वस्तू नव्या ठिकाणी गेली की तिचा अर्थही बदलतो. सेव्हर्न व्हॅलीमधील ‘गॉर्डन’ हे प्रेक्षकाच्या दृष्टीने एक भव्य वाफेचे इंजिन आहे. ते कमकुवत रुळांसाठी का घडविले गेले, त्याच्यावर किती शिकाऊ चालकांचे हात फिरले आणि ते युद्धाच्या कोणत्या गरजेतून जन्माला आले, हे सांगण्यासाठी फलक लागतो. मूळ स्थळी हा अर्थ परिसरानेच सांगितला असता. औद्योगिक वारशाच्या क्षेत्रातील ही मूलभूत अडचण आहे. सौंदर्य टिकते, संदर्भ विरळ होतो.

त्याचबरोबर एक प्रतिवादही विचारात घ्यावा लागतो. ही इंजिने विखुरली नसती तर ती उरलीच नसती. १९६९ मध्ये हौशी संस्थांनी पुढाकार घेतला नसता, तर सर्व सामग्री भंगाराच्या दराने गेली असती. शिवाय ज्या वारसा-रेल्वेमार्गांवर ही इंजिने गेली, तेथे बॉयलरची दुरुस्ती, सांधे बदलणे आणि वाफेचे इंजिन चालविणे ही कौशल्ये स्वयंसेवकांनी जिवंत ठेवली. त्या अर्थाने लाँगमूरच्या शाळेतील काही धडे दुसऱ्या वर्गांत चालू राहिले. मात्र मोडलेली रेल्वे शत्रूच्या प्रदेशात उभी करण्याचा लष्करी धडा त्यांत नाही.

महाराष्ट्रातील वाचकासाठी हा प्रश्न परका नाही. बार्शी लाइट रेल्वेचा अडीच फुटी मार्ग २००० नंतरच्या सुमारे दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेजमध्ये रूपांतरित झाला. प्रवाशांची सोय झाली, ती आवश्यकच होती. परंतु त्या मार्गाची इंजिने शोभेसाठी उभी करणे आणि त्या मार्गावर राबलेल्या फिटर, फायरमन, गँगमन यांचे ज्ञान नोंदविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली चौथऱ्यावर होते. दुसरी माणसे हयात असतानाच करावी लागते.

निष्कर्ष

लाँगमूरच्या उदाहरणातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. लष्करी रेल्वेचे मूल्य वाहतुकीच्या आकडेवारीत नसून तिने घडविलेल्या मनुष्यबळात होते. त्यामुळे तिच्या इतिहासाचे केंद्र इंजिनाऐवजी प्रशिक्षण हे असावयास हवे.

२. जतनाची निवड नेहमी ऐतिहासिक महत्त्वावरून होत नाही. वस्तूची हालचाल शक्य असणे, हौशी संघटनांचे बळ, जमिनीची मालकी आणि शेजाऱ्यांची संमती यांवर ती अवलंबून असते.

३. काल्पनिक चित्रपट हे काळजीपूर्वक वापरल्यास नष्ट झालेल्या सामग्रीचे उपयुक्त साधन ठरतात. मात्र कथेतील स्थळ आणि चित्रीकरणाचे स्थळ यांतील भेद आधी तपासावा लागतो.

४. वस्तू स्थळापासून दूर गेल्यास तिच्यासोबत तिचा संदर्भ लिखित आणि मौखिक स्वरूपात जाणे आवश्यक आहे. अन्यथा ती केवळ जुनी आणि देखणी उरते.

लाँगमूरमध्ये गाडी वर्तुळाकार फिरत असे, कारण तिचे काम शिकविण्याचे होते. त्या शाळेत शिकलेल्यांपैकी सर्वांत तरुण पिढी आता वृद्धत्वात पोहोचली आहे. इंजिने आणखी बराच काळ टिकतील. त्यांच्याविषयी सांगू शकणाऱ्या माणसांच्या आठवणी नोंदविण्यासाठी उरलेला अवधी त्यामानाने फार थोडा आहे.